मोड्याच्या वाराचं पाणी

पायरवाडीत चाळीस घरं, एक आड आणि एक गटार. आडाची काळजी साऱ्या गावाला होती, गटाराची कुणालाच नव्हती.

वरल्या आळीत जैनांची घरं, खालच्या आळीत मराठ्यांची. वरल्या आळीतल्या बाया दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून भांडी घासत, खालच्या आळीतल्या दिवे लागल्यावर. त्यामुळं गटार रोज सांजचं दोनदा भरायचं. राखेचं पाणी, शिकेकाईचं पाणी, पोरांच्या आंघोळी, म्हाताऱ्यांच्या चुळा, सगळं मधल्या बोळात गोळा व्हायचं आणि खाली उतरायचं. जी माणसं एका पंगतीला बसत नव्हती, त्यांचं पाणी मात्र बोळात एका पंगतीला बसायचं.

त्या उताराच्या शेवटी रंगूबाईचा तुकडा होता. दोनच गुंठे. नवरा गेला तेव्हा वाटणीत तिच्या पदरात तेवढंच पडलं होतं, कारण गटाराच्या तोंडाशी असलेली जमीन दुसऱ्या कुणाला नको होती. रंगूबाईनं त्या पाण्याला हातानं वाट करून दिली आणि तिथं अळू लावला, केळी लावल्या. चैत्रात सगळं शिवार करपून भाकरीच्या पापुद्र्यासारखं व्हायचं, तेव्हा तिच्या तुकड्यात अळूची पानं हत्तीच्या कानासारखी डुलायची. बाया नाकाला पदर लावून तिथून जायच्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडूनच वडीसाठी पानं न्यायच्या. पहाटे जात्यावर तिच्या नावाची ओवीही व्हायची:

*वरल्या गं आळीयचं, पाणी वाहतं वंगाळ*
*रंगूबाईच्या केळीला, त्येचं झालं गंगाजळ*

रंगूबाई ऐकायची आणि आपल्या जात्यावरून आवाज द्यायची, "म्हना गं म्हना! वंगाळ तुमचं, वडी माजी!"

कुंडलच्या बाजारात अळूचे जुडगे आणि केळीची पानं विकून तिचं वर्ष निघायचं. पाटणला तिचा भाऊ होता. तो दर दिवाळीला निरोप धाडायचा, "आक्का, एकटी कशाला ऱ्हातीस? हितं ये." भाऊ चांगला होता. पण भावाच्या घरी चूल भावजयीची. रंगूबाईनं एकदा तिथं पंधरा दिवस काढले होते, त्यातले बारा दिवस ती मीठ कुठं ठेवलंय हे विचारत होती. परत येताना एसटीबिस्टी काही नव्हती, मिळेल त्या बैलगाडीतून आली, तेव्हा तिनं मनाशी जोडलेली ओवी अशी होती:

*आई होती तवर, म्हायेराची वाट मऊ*
*भावाच्या राज्यामंदी, उंबऱ्याला किती भिऊ*

तिचं एवढंच मागणं होतं. मरेपर्यंत आपलं मीठ आपल्या हाताला लागावं. आणि ते मीठ त्या गटारावर अवलंबून होतं.

मोठी लढाई संपून दुसरं साल लागलं आणि आकाराम हवालदार पेन्शन घेऊन गावी आला. त्यानं पलटणीत बंदूक फार चालवली नव्हती. तो छावणीच्या साफसफाईच्या खात्यात होता. बसऱ्याच्या वाळवंटात दोन हजार माणसांच्या आंघोळीचं पाणी गाळून त्यानं साहेबाच्या बागेतले गुलाब फुलवले होते, असं तो सांगायचा. गुलाब कुणी पाहिले नव्हते, पण गावात आल्यावर चौथ्या दिवशी तो बोळात उकिडवा बसून गटाराकडं टक लावून बघत होता, हे सगळ्यांनी पाहिलं.

"काय हरवलं काय, हवालदार?" रंगूबाईनं विचारलं.

"काकू, हितं डास हायेत."

"हायेत की. लय वर्सापासनं हायेत. तुमी नव्हता तवा कुनाला चावत हुते, त्येच बगतीय मी."

"हिवताप ह्यातनंच येतोय. पानी थांबलं की डास, पानी चाललं की पीक. मी ह्येचा बंदोबस्त करनार."

आणि त्यानं केला. बेचाळीसनंतरच्या धामधुमीच्या सालांत गावानं आपले पंच नेमले होते, त्यांची परवानगी घेऊन त्यानं रंगूबाईच्या तुकड्याच्या वरच्या अंगाला, गावठाणात, तीन खड्डे खणले. पहिल्यात वाळलेलं गवत अंथरलं, म्हणजे तेलकट तवंग आणि खरकटं तिथं अडेल. दुसऱ्यात खाली गोटे, वर कोळसा, त्याच्यावर ओढ्याची वाळू. तिसरा नुसता मोकळा, फरशी लावलेला. एका खड्ड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पाणी झिरपत यायचं आणि सकाळचं पाणी दुपारपर्यंत बाहेर पडायचं. गाव त्याला गटार-सुभेदार म्हणू लागलं. त्याला ती बढती वाटली.

मग त्यानं नियम काढले. कच्चं खायचं पीक ह्या पाण्यावर घ्यायचं नाही, शिजवून खायचं चालेल, झाडावर उंच लागतं ते चालेल, जनावराचा चारा चालेल. रंगूबाईच्या बांधावरची कोथिंबीर त्यानं स्वतः मोजून उपटली.

"आवं हवालदार, तुमच्या लगीनाच्या जेवनात हीच कोथमीर हुती!"

"तवा नियम नव्हता, काकू."

"मग लगीन रद्द झालं का काय?"

कोथिंबीर गेली, पण रंगूबाई मनातून खूश होती. तिच्या केळीच्या बुडाचा वास गेला होता. तिसऱ्या खड्ड्यातलं पाणी इतकं नितळ यायचं, की एक दिवस तिनं वाकून त्यात आपलं तोंड पाहिलं.

त्या पाण्यात तोंड बघणारी ती एकटी नव्हती. दुसऱ्या आठवड्यात लालासाहेब येऊन खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. गावातले मोठे बागायतदार आणि पंचांतले एक, धोतर असं पांढरं की बगळ्यानं लाजावं. रंगूबाईच्या तुकड्याला लागून त्यांचा दहा गुंठ्यांचा उसाच्या बेण्याचा पट्टा होता. मग जयपाल अण्णा आले. अण्णांचा पट्टा पाच गुंठ्यांचा, त्यात त्यांना पानमळा करायचा होता.

"पान कच्चं खात्यात, अण्णा," आकाराम म्हणाला. "नियमात बसत न्हाई."

"मग लसूणघास लावतो. म्हशीला तरी नियम न्हाई ना?"

पाणी घाण होतं तोवर ते रंगूबाईचं होतं. नितळ झालं आणि गावाचं झालं.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. पंचांत सगळ्यांत वडीलधारे नाथाजी तात्या. त्यांना दात नव्हते, म्हणून ते थोडं बोलायचे, आणि थोडं बोलायचे म्हणून लोक त्यांना शहाणे समजायचे. आकाराम वही घेऊन बसला. लालासाहेब म्हणाले, पाण्याची पाळी रानाच्या मापानं लावा, सगळ्या पाटांवर तोच कायदा हाय. ते बरोबरच होतं. आकारामनं ढोबळ हिशेब मांडला. लालासाहेबांना चार दिवस, अण्णांना शनिवारची सांज सोडून दोन, आणि रंगूबाईच्या वाट्याला ती सांज, दिवस कलल्यापासून मावळेपर्यंत.

रंगूबाई पाराखाली पदर घेऊन बसली होती. शनिवारची सांज! एवढ्यात केळीचं एक आळं भिजेल. बाकीच्या केळींनी काय शनिवारचा उपास धरायचा? तिच्या डोळ्यापुढं पाटणचा उंबरा आला. पण ती हिशेब ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिची बोटं मिटत गेली. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार.

"तात्या," ती म्हणाली, "सोमवार कुनाचा?"

सगळे हसले. लालासाहेब तर मांडीवर थाप मारून हसले.

"आवं वैनी, सोमवार मोड्याचा न्हवं का?"

पायरवाडीत सोमवारी मोडा पाळायचे. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही आणि जमिनीत लोखंड घालायचं नाही. नांगर नाही, कुदळ नाही, खुरपंसुद्धा नाही. धरतीला आठ दिवसांतून एक दिवस इसावा. वाडवडिलांपासून चालत आलेलं. आणि खोरं घेतल्याशिवाय रानात पाणी फिरवता येत नाही, हे पारावर बसलेल्या प्रत्येकाला आपल्या नावाइतकं पाठ होतं. म्हणून वहीत सोमवार आलाच नव्हता.

"मग मला शनिवार नको," रंगूबाई म्हणाली. "मला त्यो सोमवार द्या."

"मोडा मोडायचा न्हाई बरं का," तात्या म्हणाले.

"न्हाई मोडत."

"लोखंड घालायचं न्हाई."

"माज्याकडं लोखंड हाय कुटं? येक तवा हाय, त्यो चुलीवर आसतोय."

पुन्हा हशा झाला. लालासाहेबांनी उदार मनानं शनिवारची सांजही आपल्याकडं घेतली. आकारामनं लिहिलं: सोमवार, रंगूबाई. लिहिताना त्याचा हात जरा थांबला, कारण त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. पण बसऱ्याला मोडा नव्हता.

पारावरच्या एकाही गड्याला माहीत नव्हती ती गोष्ट साधी होती. मोड्याला गडीमाणसं सकाळीच हजामत करून कुंडलला जात, तालमीत कुस्त्या बघत, चहा पीत आणि सांजचं परत येत. बायकांना मात्र त्या दिवशी रानाची बोलावणी नसायची. त्यामुळं आठ दिवसांचं सगळं धुणं त्यांनी सोमवारवर ठेवलेलं असायचं. ओढा माघातच आटलेला, म्हणून सारा गोंधळ आडावर. वाकळा, घोंगडी, सासऱ्याची धोतरं, बाळंतिणीची लुगडी, आणि मग केस धुणं, मग पोरांना धरून घासणं. बाकीच्या सहा दिवसांत मिळून गटार जेवढं वाहायचं, तेवढं एका सोमवारी वाहायचं.

पाणी कुणाचं याची वही गड्यांनी लिहिली होती. पाणी येतं कुठून, ते कुणी विचारलंच नव्हतं.

पहिल्या सोमवारी पाण्यानं खड्डे काठोकाठ भरले. रंगूबाई तुकड्यात गेली ती रिकाम्या हातानं. वाफ्याच्या तोंडाशी मातीचा गोळा होता, तो तिनं टाचेनं ढकलला. पाणी आत शिरलं. वाफा भरला तसा तिनं तोच गोळा पायानं परत सरकवला, वर केळीचं सोपट, म्हणजे खोडाची साल, दाबलं, आणि पुढचं तोंड बोटांनी उकरलं. दोन गुंठ्यांची वाफ्यांची रचना तिनं आधीच अशी केली होती, की पाण्याला नुसता इशारा पुरे. घटकाभरानं ती केळीखाली बसून पान खात होती आणि पाणी आपल्या पायानं फिरत होतं.

महिन्याभरात लालासाहेबांच्या लक्षात आलं. त्यांचा ऊस चार दिवस आणि एक सांज पाणी पिऊन पिवळा आणि रंगूबाईच्या केळीला घड. मंगळवारी त्यांच्या पाळीला गटारात काय यायचं? दोन्ही आळ्यांची दोन-चार घंगाळी. त्यांची बायको लीलाबाई आडावरून येताना एकदा म्हणालीसुद्धा, "आज धुनं न्हाई ओ. कालच झालं." त्यांना वाटलं ती सहज बोलली.

त्यांनी बैठक बोलावली. रंगूवैनी मोडा मोडत्यात, म्हणाले. गावावर गारा पडतील, बैलांना लाळ्या येईल. मग पंच सोमवारी कुंडलला न जाता रंगूबाईच्या बांधावर गेले. मोड्याला गडी घरी बघून गावातल्या बायांना आधी वाटलं, कुणी तरी गेलं.

नाथाजी तात्यांनी बांधावर बसून चौकशी केली.

"खोरं?"

"न्हाई," आकाराम म्हणाला.

"खुरपं?"

"न्हाई."

"मग हे काय?"

"टाच हाय," रंगूबाई म्हणाली. "माजीच."

तात्यांनी त्या टाचेकडं बराच वेळ पाहिलं. भेगा पडलेली, चिखलानं भरलेली टाच. मग ते म्हणाले, "टाच लोखंडाची नसती."

लालासाहेब पंचांत उगीच बसत नव्हते. ते म्हणाले, "बरं. मोडा मोडला न्हाई, कबूल. पर पानी तर गावाचं न्हवं? सोमवारी लय पानी येतंय हे आता समद्यांनी बगितलं. मग सोमवार येकाच घराला का म्हनून? फिरता ठेवा. येक सोमवार माजा, येक अण्णांचा, आन् शनिवारच्या सांजंच्या मापानं दोनतीन म्हैन्यांनी येक वैनीचा."

बोलणं रास्त वाटत होतं. अण्णा मान हलवू लागले. आकारामनं रंगूबाईकडं पाहिलं आणि नजर वहीत घातली. नियम त्यानंच लिहिले होते, रानाच्या मापानं. दोनतीन महिन्यांतून एकदा! तेवढ्यात केळी सरपण होतील. पाटणची भावजय मीठ कुठं ठेवते ते आता शिकून घ्यावं लागणार.

तिनं पदर खोचला.

"फुडचा सोमवार लालासाहेबांनी घ्यावा," ती म्हणाली. "माजी ना न्हाई. दहा गुंठं भिजवून दावलं, की म्या सोमवार सोडला. न्हाई भिजलं, तर सोमवारचं नाव पुना काडायचं न्हाई. फकस्त मोडा सांबाळायचा. लोखंड न्हाई."

"त्यात काय!" लालासाहेब म्हणाले. "वैनी दोन गुंठं भिजवत्यात, म्या गडी मानूस दहा भिजवतो."

"गडी लावायचं न्हाईत हां," तात्या म्हणाले. "मोड्याला गड्यांनाबी इसावा आसतोय."

तो सोमवार पायरवाडी अजून विसरलेली नाही. कुंडलच्या तालमीत त्या दिवशी गावचा एकही माणूस नव्हता. सगळे बांधावर. बायांनी तर धुण्याचे दगडच आडावरून बोळाच्या तोंडाशी आणले आणि धुता धुता बघायची सोय केली. त्या दिवशी वाकळाही अशा निघाल्या, की ज्या लग्नानंतर पाण्यात गेल्या नव्हत्या.

दुपारी खड्डे भरून पाणी पाटात उतरलं. लालासाहेबांनी धोतर गुडघ्यापर्यंत घेतलं आणि पहिल्या सरीत टाच मारली. लोखंड आयुष्यभर दुसऱ्याच्या हातात दिलेल्या माणसाची टाच ती. मातीचा गोळा हलला नाही, टाच मात्र हलली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा गोळा फुटला आणि पाणी एकाच सरीत धावत सुटलं. ते अडवायला लालासाहेब पळाले, तोवर मागं दुसरीकडं फुटलं. तिकडं पळाले, तर पुढची सरी वाहून चालली. दहा गुंठ्यांच्या लांब सऱ्या, खोऱ्याच्या हिशेबानं काढलेल्या. त्या टाचेचं कशाला ऐकतील? शेवटी ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी चिखल ओढू लागले.

बोळाच्या तोंडावरून आवाज आला. कुणाचा ते त्या दिवशी कळलं नाही, पण लीलाबाई पदराआड हसत होती एवढं सगळ्यांनी पाहिलं:

*पांढऱ्या धोतराचा, धनी बसला चिखलात*
*सरी पुसती सरीला, पाणी कुनाच्या हुकमात*

"लालासाहेब, डावीकडं फुटलं!" एक गडी ओरडला.

"आवं उजवीकडं बी!" दुसरा.

"मधी ऱ्हावा, मधी! कुस्तीत ऱ्हात्यात तसं!"

पाणी बांध ओलांडून अण्णांच्या लसूणघासात शिरलं. अण्णा घाईनं उठले आणि मग विचार करून परत बसले. वाईट काय होतं त्यात?

लालासाहेबांचा घाम चिखलात गळत होता. बांधावर त्यांच्याच घरचं खोरं पडलेलं होतं, कालचं. त्यांचा हात आपसूक तिकडं गेला.

"लोखंड!" चाळीस घरांनी एका आवाजात हाक दिली.

हात थांबला. लालासाहेब तसेच वाकून राहिले. धाप लागलेली, मिशीला गाळ, आणि समोरून पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत ओढ्याकडं चाललेलं. शेतकऱ्याला दुसरं काही चालेल, पण उन्हाळ्यात पाणी वाया जाताना बघवत नाही. रंगूबाईलाही बघवेना. गप्प बसली असती तरी ती जिंकलीच होती. पण ती उठली, पाटात उतरली, आणि फुटलेल्या तोंडाला आडवी टाच लावून उभी राहिली.

"सोपट द्या," ती म्हणाली. "न्हवं, ते न्हवं, रुंद बगून द्या. हितं दाबा. आता हळू. पान्याला दटावायचं नसतं लालासाहेब, ते काय तुमचा सालगडी हाय? बोट लावायचं, आन् ते जातंय का बगायचं."

लालासाहेबांनी बोट लावलं. पाणी थबकलं, वळलं आणि शहाण्या पोरासारखं सरीत शिरलं.

"जातंय की ओ!" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात असं काही होतं, की बांधावर कुणी हसलं नाही.

दिवस मावळेपर्यंत दोघांनी मिळून दीड गुंठा भिजवला. बाकीचे साडेआठ तसेच राहिले. लालासाहेब बांधावर येऊन बसले, पाठ धरली आणि आकारामला म्हणाले, "लिव्ह रं. सोमवार, रंगूवैनी. कायमचा."

"पंचांनी म्हनाया पायजे," आकाराम म्हणाला.

"लिव्ह," तात्या म्हणाले.

आकारामनं लिहिलं आणि या वेळी त्याचा हात थांबला नाही. जाताना रंगूबाई लालासाहेबांना म्हणाली, "ऊस सोमवारी जमायचा न्हाई. पर मंगळवारी खोऱ्यानं पानी घेताना मला हाक मारा. तुमच्या सऱ्या लय लांब हायेत, मधी बांध घालून आखूड करू."

घरी गेल्यावर लालासाहेबांनी चिखलानं कडक झालेलं धोतर न्हाणीत टाकलं. लीलाबाईनं ते दोन बोटांनी उचलून दोरीवर तसंच वाळत घातलं.

"अगं, धुवायचं सोडून वाळत काय घालतीस?"

"आज दिवस मावळला," लीलाबाई म्हणाली. "आता सोमवारी धुईन. पाचसा हंडं पानी लागनार हाय ह्येला, ते कशाला वाया घालवायचं? रंगूवैनीच्या केळी तेवड्याच भिजत्याल."